जोडीसरांच्या गाळलेल्या जागा

मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. दिघे सर चांगले धडधाकट आहेत, केस काळे करतात, जिना दोन पायऱ्या गाळून चढतात. त्यामुळे माझी सोय झाली आहे.

भोरच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवते. ते इंग्रजी शिकवायचे. म्हणजे पगारपत्रकात तसं लिहिलेलं असायचं. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी होत्या, आणि नोकरीतली कितीतरी वर्षं मी त्या सुगंधी सुपारीच्या वासात काढली. या माणसाला मी इंग्रजीतलं एक अख्खं वाक्य बोलताना कधी ऐकलं नाही. शाळेत पाहुणे आले की सरांना नेमका खोकला यायचा. पण तालुक्यात कुणालाही विचारा, इंग्रजी म्हणजे दिघे सर. आपल्याकडं नाव व्हायला काय लागतं? पांढरा सफारी, खिशाला तीन पेनं, आणि समोरच्याला बोलू न देण्याची सवय. तिन्ही त्यांच्याकडं होती.

नाव दिघे, पण पोरं त्यांना जोडीसर म्हणायची. त्याचं कारण सांगते.

इंग्रजीत एखाद्या विशेषणापुढं कुठला बारका शब्द लावायचा याचा धड नियम नसतो म्हणे. भिण्याला ऑफ लागतं, हुशारीला अ‍ॅट लागतं, लग्न झालेल्याला टू लागतं. आपलंही तसंच आहे की. आपण कुत्र्याला भितो, अभ्यासात हुशार असतो आणि मुलाशी लग्न करतो. का, ते कोण सांगणार? ऐकून ऐकून येतं. पण हिर्डोशीच्या डोंगरातनं येणाऱ्या पोरांनी इंग्रजी ऐकायचं कुठं? भातखाचरात? तेव्हा सरांनी युक्ती काढली होती. ते या शब्दांची लग्नं लावायचे.

मी थट्टा करत नाही. खरोखर लग्नं लावायचे. विशेषण ही नवरी, बारका शब्द हा नवरा. एका पोरीच्या गळ्यात ‘फॉन्ड’ची पाटी, एका पोराच्या गळ्यात ‘ऑफ’ची. मध्ये दोन पोरं सरांचा रुमाल अंतरपाट म्हणून धरायची. सर फळ्यापाशी उभे राहून मंगलाष्टकांच्या चालीवर त्या जोडीची वाक्यं म्हणायचे, सगळा वर्ग शेवटी ‘सावधान’ ओरडायचा, आणि खडूचे तुकडे अक्षता म्हणून उडायचे. शेजारच्या वर्गात मी त्रिकोणमिती शिकवत असायचे. एका तासाला चार-पाच लग्नं लागायची. माझ्या पोरांचं लक्ष कुठं असणार, तुम्हीच सांगा.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी हे बघितलं आणि ते हुरळूनच गेले. मोबाईलवर चित्रण केलं, ते सगळ्या तालुक्यात फिरलं. झालं! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. त्यानंतर सर वर्गात फेटा बांधूनच यायला लागले.

अकरावीतल्या एका टारगट पोरानं एकदा विचारलं, “सर, फॉन्ड ऑफची, अफ्रेड ऑफची, प्राउड ऑफची, टायर्डपण ऑफचीच. मग ऑफला बायका तरी किती?” सगळा वर्ग खिदळला. भिंतीपलीकडं मीही हसले. सरांनी त्या पोराला बाकावर उभं केलं आणि म्हणाले, “तो मोठ्या घरचा आहे. तुला काय करायचंय?”

‘अँग्री’ हा शब्द मात्र त्यांनी उभ्या आयुष्यात शिकवला नाही. कारण त्याला माणसावर रागावताना विथ लागतं आणि गोष्टीवर रागावताना अ‍ॅट. सर म्हणायचे, “बदनाम शब्द आहे तो. चांगल्या घरात घ्यायचा नाही. परीक्षेलाही येत नाही.” परीक्षेला तो यायचा. दर दोन-तीन वर्षांनी यायचा, आणि आमची पोरं गपगुमान मार्क घालवून यायची.

आता यात इतकं चिडण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. एक विक्षिप्त मास्तर, खडूच्या अक्षता उडवतो, उडवू दे. मीही तेच म्हटलं असतं. पण सरांना ही लग्नं पुरेनात. खडूच्या अक्षतांवर त्यांची भूक भागेना, आणि ते खऱ्या माणसांच्या जोड्या लावायला लागले.

स्टाफरूम नव्हतीच ती, वधूवर सूचक मंडळ होतं. मधल्या सुट्टीत सर मोबाईल उघडून बसायचे. “मॅडम, हा बघा, कामथडीचा आहे. शिरवळला कंपनीत. रंग जरा कमी, पण घर रस्त्याला लागून.” मी वह्या तपासत असले तरी माझ्या नाकासमोर एकेक मुंडावळ्या न बांधलेला चेहरा सरकायचा. पैसा मात्र कधी घेतला नाही त्यांनी. घेतला असता तर बरं झालं असतं, पैशाला कुठंतरी मोजमाप असतं. यांना पाहिजे होता मान. मांडवात पुढची खुर्ची, फेटा, शाल, नारळ, आणि माईकवरनं ‘ज्यांनी ही सोयरीक जुळवून आणली ते आदरणीय’ एवढे शब्द. घरी त्यांचं शालींचं कपाट होतं. एकदा मी सहज गेले तर त्यांनी ते उघडून दाखवलं. ही नसरापूरची, ही वेल्ह्याची, ही महाडच्या पाहुण्यांची. एकाही शालीची घडी मोडलेली नव्हती. थंडीत त्यांची बायको जुनी सोलापुरी चादर पांघरून बसलेली होती, आणि या गृहस्थाला त्याचं काही नाही.

सरांची दोन वचनं होती. पहिलं, “जोडीला कारण नसतं.” कुणी ‘का’ विचारलं की हे बाहेर यायचं. दुसरं परीक्षेपुरतं होतं. गाळलेल्या जागा भरा हा प्रश्न आला की ते गरजायचे, “जागा रिकामी सोडायची नाही! येत नसलं तरी भरा. ऑफ भरा, टू भरा, काय वाट्टेल ते भरा. रिकाम्या जागेला कुणी मार्क देत नाही.” एवढं एक त्यांनी पोरांच्या डोक्यात पक्कं बसवलं. आमच्या शाळेच्या पोराची इंग्रजीची उत्तरपत्रिका आजही ओळखू येते. सगळ्या जागा भरलेल्या आणि सगळ्या चुकलेल्या.

हिर्डोशीच्या दोन बहिणी त्यांच्या हाताखालनं गेल्या. थोरली मनीषा, धाकटी रेश्मा. दोघी भोरला मावशीकडं राहून शिकत होत्या, कारण तिकडं वरंधा घाटाकडची एसटी म्हणजे आली तर आली, नाही तर चाल पायी. आता एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, नाहीतर मी खोटारडी ठरेन. या दोघींना शाळेत आणलं ते दिघे सरांनीच. पावसाळ्यात, गाडी बंद असताना, हा माणूस गुडघाभर चिखलातनं हिर्डोशीला चालत गेला आणि बापाला म्हणाला, पोरींना शिकवा. तुकडी टिकावी, पट भरावा म्हणून गेले, हे मला ठाऊक आहे. पण गेले. माझ्यासारखी तोंडाळ बाई काही गेली नव्हती. या एका चालण्याची वसुली त्यांनी पुढं कशी केली ते आता ऐका.

मनीषा विचारणारी पोर. तिनं पुस्तक उघडून सरांसमोर धरलं, “सर, हितं गुड अ‍ॅट दिलंय आन् खाली गुड फॉर पण दिलंय. मग गुडचं नक्की कुणाशी?” सर पुस्तकाकडं बघून म्हणाले, “हे पुस्तक पुण्याचं आहे.” संपलं. ती पोर मग माझ्याकडं यायची, मी गणिताची बाई असून. आम्ही दोघी डिक्शनरी काढून बसायचो. कुठं कामात तरबेज, कुठं तब्येतीला चांगलं, दोन्ही खरं, जे म्हणायचं असेल तसं. “म्हंजी आपल्याला काय म्हणायचं ते आधी ठरवायचं, बाई,” ती म्हणाली. हे तिला अकरावीत कळलं. सरांना निवृत्त होईपर्यंत कळलं नाही.

रेश्माचं वेगळंच. तिला इंग्रजी यायचं नाही, आणि ती तसं सांगायची. तिच्या पेपरात गाळलेल्या जागा गाळलेल्याच असायच्या, स्वच्छ. सरांनी तिला वर्गापुढं उभं केलं.

“का गं, शाई संपली होती का?”

“न्हाई सर. येत न्हवतं म्हणून सोडल्या.”

“काहीतरी भरायचं!”

“काईतरी कशाला भरू? मला कळंल तवा भरीन की.”

त्या दिवसापासनं सर तिला ‘रिकामी जागा’ म्हणायला लागले. ए रिकामी जागा, फळा पूस. ए रिकामी जागा, पाणी आण. पोरगी मुळात हसरी, ती हसून फळा पुसायची. पुढं काय करणार गं, असं मी विचारलं की म्हणायची, “अजून ठरलं न्हाई, बाई. बारावी झाली की बघू.” आणि हे ती इतक्या मजेत सांगायची, की काहीही न ठरणं हीच तिची एक ठेव आहे असं वाटावं. मला तिचा हेवा वाटायचा. मी कधी काही न ठरवता चार दिवसही राहिले नव्हते.

मनीषा बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला गेली. पुढं पुण्याला जाऊन इंग्रजीत एम. ए. करायचं तिनं ठरवलं होतं. आणि नेमकं तेव्हाच सरांनी तिला स्थळ आणलं. पानशेतचं. धरणाकाठी जेवणाचं हॉटेल, पुण्याची गिऱ्हाईकं, शनिवार-रविवार पाय ठेवायला जागा नाही. “त्यांना इंग्रजी बोलणारी सून पाहिजे,” सर मला म्हणाले. “तालुक्यात मनीषाखेरीज आहे कोण? मी शब्द देऊन टाकलाय.”

“तिला विचारलंत?”

“मॅडम, विशेषणाला विचारतात का?”

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. त्याच संध्याकाळी मनीषा आली आणि म्हणाली, “बाई, रविवारी पाव्हणं येणारेत. मी न्हाई म्हणणारे. तुमी फक्त तितं येऊन बसा माझ्याजवळ.” म्हणून मी हिर्डोशीला गेले. सरांनाही ते बरं वाटलं, बैठकीत एखादं शिकलेलं बाईमाणूस असलं की शोभा येते म्हणे.

सारवलेलं घर, बाहेर वरईच्या आणि नाचणीच्या कणग्या, ओटीवर नवीन सतरंजी. त्यांचे वडील म्हणजे आण्णा, कमी बोलणारा माणूस. सर आल्याबरोबर त्यांनी हातात तांब्या दिला आणि म्हणाले, “सर, तुमी हुता म्हणून माझ्या पोरी साळंत गेल्या. तुमचा शबुद म्या कसा मोडू?” सरांनी मान तुकवली. फेटा आधीच बांधून आले होते.

पानशेतकर जीपमधनं उतरले. मुलगा, त्याचे आई-वडील, एक मामा. माणसं वाईट नव्हती, हेही सांगते. मुलगा तर इतका लाजाळू, की पोहे खाताना त्याच्या चमच्याचा आवाज होत नव्हता. मनीषा पाटावर येऊन बसली. मामांनी नाव-गाव विचारलं. मग सर पुढं सरसावले, बाजारात गाय दाखवावी तसे. “आमचं इंग्रजी ऐका. हं मनीषा, अफ्रेड?”

मनीषानं पाटावर सरळ बसून घेतलं.

“अफ्रेड? अगं बोल की. अफ्रेड?”

ती सरांकडं न बघता आपल्या बापाकडं बघून म्हणाली, “आण्णा, मला हे लगीन करायचं न्हाई. मला पुण्याला शिकायला जायचंय. पाव्हण्यांचा अपमान करायचा न्हाई मला, पण माझ्याकडनं हे व्हनार न्हाई.” एवढं बोलून उठली आणि माझ्याशेजारी येऊन बसली. तिचा हात मी धरून ठेवला.

आण्णा खाली सतरंजीकडं बघत राहिले. मुलाची आई पदर सावरून उठायच्या बेतात आली. मला तर वाटलं संपलं, बरं झालं, आता चहा पिऊन सगळे आपापल्या घरी जातील, आठ दिवस चर्चा होईल आणि विसरतील. अशा बैठका मोडतात. त्यानं कुणी मरत नाही.

पण सरांच्या डोक्यावर फेटा होता. फेटा बांधून आलेला माणूस हात हलवत माघारी कसा जाणार? त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. तेवढ्यात आतनं रेश्मा चहाचं ताट घेऊन आली. तिला बाहेर काय झालं ते नीट कळलंही नव्हतं. कपाळावर चुलीची राख लागली होती तिच्या.

आणि सर म्हणाले, “अहो, एवढं काय! धाकटी आहे की.”

मला आधी समजलंच नाही. सर बोलतच सुटले. “धाकटी आहे. घरकामाला थोरलीपेक्षा सरस. शाळेत उशिरा घातलीय, अठरा पूर्ण आहेत, दाखला मीच पाहिलाय. तेच घर, तेच रक्त. पाहुणे, एवढ्या लांबनं आलात, रिकाम्या हातानं जाऊ नका.” पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मामा म्हणाले, “पोरगी गोड हाय.” सरांनी रेश्माच्या हातातलं ताट घेतलं, तिच्या दंडाला धरून तिला त्याच पाटावर बसवलं. अजून त्यावर थोरलीच्या अंगाची ऊबही असेल.

मी म्हणाले, “सर, अहो शुद्धीवर आहात का? बारावीची परीक्षा तोंडावर आलीय तिची.”

सर माझ्याकडं वळून हसले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, “मॅडम, तुम्ही गणिताच्या ना? दोनातनं एक गेली तर किती? एक उरते की.”

पाहुणे हसले. त्या हसण्यानं बैठक पुन्हा बैठक झाली. मी तिथं खूप काही बोलले. ते ऐकायला कुणी मोकळं नव्हतं, सगळ्यांची सुटका झाली होती ना! मनीषा उठून बापासमोर गेली, “आण्णा, तिला तरी इचारा.” आण्णांनी विचारलं. खरंच विचारलं. “रेश्मे, काय म्हणतीस?” रेश्मानं बहिणीकडं पाहिलं, मग बापाकडं. एकीनं आत्ताच नाही म्हटलं होतं. एका घरात एका दुपारी दोनदा नाही म्हणायला जागाच नव्हती, हे त्या पोरीला इंग्रजी न येताही कळलं. ती म्हणाली, “तुमी म्हणाल तसं.”

सरांनी नारळ वाढवला. येताना बरोबरच घेऊन आले होते. गाळलेली जागा भरली, पेपर पूर्ण झाला.

लग्नात सरांना अंजिरी रंगाची शाल मिळाली. रेश्मानं बारावीची परीक्षा दिली नाही. सासरच्यांना इंग्रजी बोलणारी सून पाहिजे होती, त्यांना गाळलेल्या जागा गाळणारी मिळाली, पण त्यांचं काही अडलं नाही. पुण्याचं गिऱ्हाईक पिठलं-भाकरी मराठीतच मागतं, हे सरांखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

मनीषा पुण्याला गेली, एम. ए. झाली. सर निवृत्त झाल्यावर त्यांच्याच जागी आमच्याकडं लागली. माझ्या शेजारच्या खुर्चीला आता सुपारीचा वास येत नाही. ती ‘अँग्री’ पहिल्याच आठवड्यात शिकवते. चांगली शिकवते, पण बहिणीच्या लग्नाच्या तिथीला तिला फोन करून आली की मधल्या सुट्टीतही रिकाम्या वर्गात वह्या तपासत बसते. मी कितीदा म्हटलं, अगं, तू नाही म्हणालीस त्यात तुझं काय चुकलं? ती म्हणते, “चुकलं न्हाई बाई. पण भरलं कुणी?”

ती नोकरीला लागली तेव्हा शाळेनं केलेल्या तिच्या सत्काराला दिघे सरांना बोलावलं होतं. मी नको म्हणत होते. आले, फेटा होताच. माईक हातात घेऊन म्हणाले, “पानशेतचं स्थळ आलं तेव्हा मीच मनीषाला म्हटलं होतं, पोरी, नाही म्हण, शीक!” मी खुर्चीतनं पडायची बाकी राहिले. असला निलाजरेपणा! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मनीषानं टाळी वाजवली नाही, हात मांडीवर ठेवून बसली. सरांना वाटलं ती भारावली. खाली उतरून तिच्या कानाशी आले आणि म्हणाले, “एक स्थळ आहे. प्राध्यापक. फोटो पाठवतो.”

आणि आता हे मागच्या रविवारचं.

मनीषा आणि मी रेश्माकडं गेलो होतो. नसरापूरवरनं वेल्ह्याच्या रस्त्याला लागून पाबे घाटानं पानशेतला. हॉटेल आता मोठं झालंय. पत्र्याच्या शेडपुढं फरशी झालीय, धरणाचं पाणी दिसेल अशी टेबलं मांडलीत. रेश्मा चुलीवर, नवरा गिऱ्हाइकांत. दोघांचं बरं चाललंय. तो अजून लाजाळूच आहे, बायकोला हाक मारताना पोरीचं नाव घेतो. सुखी आहेस का, असं मी तिला कधी विचारलं नाही. ती भाकरी थापताना गाणं म्हणते, हे खरं. आणि कधीकधी थापता थापता हात थांबवून पाण्याकडं बघत राहते, हेही खरं.

तिची मुलगी ओवी चौथीत आहे. एका टेबलावर इंग्रजीचा अभ्यास मांडून बसली होती. तेवढ्यात एक जीप थांबली, आणि जीपमधनं कोण उतरावं? पांढरा सफारी. बरोबर चार अनोळखी माणसं, एक भेदरलेला तरुण. कुठंतरी मुलगी बघायला निघाले होते, वाटेत जेवण. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच.

“हे बघा!” सर पाहुण्यांना मोठ्यानं म्हणाले, “ही माझी जोडी! मीच जुळवली. बघा कसा संसार फुललाय.” मग ओवीच्या टेबलापाशी येऊन वाकले. “काय बाळ, इंग्रजी का? दाखव बरं.” आणि मला त्यांचा आवाज बदललेला ऐकू आला, वर्गातला. “ही जागा का रिकामी ठेवलीस?”

ओवी म्हणाली, “मला येत नाही.”

“मग भर काहीतरी. ऑफ लिही, ऑफ.” खिशातलं पेन काढलंसुद्धा त्यांनी.

“नको. मी उद्या आमच्या बाईंना विचारणार आहे.”

“अगं, मार्क जाईल! आण इकडं, मी भरतो.”

रेश्मा भाकरीची परात घेऊन बाहेर आली होती. कपाळावर राख होती, तेव्हासारखीच. ती परात टेबलावर ठेवून म्हणाली, “राहू द्या, सर.”

“अगं, पोरीचं नुकसान...”

“व्हऊ द्या. येत नसंल तर मोकळी सोडायची, म्या सांगितलंय तिला.” तिचा आवाज चढला नव्हता. गिऱ्हाइकाला आज मटण संपलं असं सांगावं तेवढ्याच आवाजात ती बोलली. “तिची जागा हाय. तिला कळंल तवा ती भरंल. दुसऱ्यानं भरल्याली पुसता येत न्हाई, सर. म्या लई बघितलं पुसून.”

मनीषानं मान खाली घातली.

सरांना काय कळलं? काही नाही. ते पाहुण्यांकडं वळून हसले. “शाळेपासनं अशीच आहे बघा ही. आम्ही हिला रिकामी जागा म्हणायचो.” आणि हसत हसतच पेन उघडून वहीवर वाकले.

ओवीनं त्या ओळीवर आपला तळवा ठेवला, पाची बोटं पसरून. सर थांबले. हात बाजूला होईल म्हणून जरा वाट पाहिली. मग टोपण लावून पेन खिशाला अडकवलं आणि भाकरी थंड होते म्हणत पाहुण्यांत जाऊन बसले.

चांगले पोटभर जेवले, दोनदा ताक मागून घेतलं. त्यांची जीप वळून रस्त्याला लागेपर्यंत पोरीनं हात काढला नाही.